वाईटपणा कुणी घ्यायचा?

मुलुंड, मुंबई
२४ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

तुझ्या द्राक्षबागायतदारांसाठीच्या ॲपचं पत्रक मिळालं. 'द्राक्षपिकाच्या आरोग्याचं एकात्मिक व्यवस्थापन' ही ओळ वाचली आणि आमचं पहिलं वर्ष आठवलं. आम्हीही आमच्या ॲपच्या पत्रकावर छापलं होतं, 'सोसायटी व्यवस्थापनासाठी संपूर्ण डिजिटल उपाय'. दादर-पार्ल्यात वॉचमनकडे गठ्ठे दिले. महिनाभर एक फोन आला नाही.

मग एका रविवारी दादरच्या जुन्या इमारतीत खजिनदार काकांकडे जाऊन बसलो. ॲप दाखवलंच नाही. एवढंच म्हटलं, "मागच्या महिन्याचा हिशेब कसा लावलात, करून दाखवता?" त्यांनी पासबुक आणि पावतीपुस्तक काढलं. आता बहुतेक जण यूपीआयनं मेंटेनन्स भरतात. पासबुकात लांबलचक नंबर आणि अर्धवट नाव. पैसे कुठल्या खोलीचे, पत्ता नाही. कुणाच्या मुलानं पुण्याहून भरलेले, कुणाच्या भाडेकरूनं. दीड तास ते जुळवत होते. मला वाटलं, सापडलं दुखणं! पण काका म्हणाले, "वेळेचं काही नाही हो, मी रिटायर्ड माणूस. पण समोरच्या दारात जाऊन थकबाकी मागायची म्हणजे जीव नको होतो. आणि सभेत तोच उठून विचारतो, पैसे गेले कुठे?"

हे मी तिथंच, जसंच्या तसं वहीत उतरवलं. आम्ही 'वेळ वाचवा' म्हणून गळा काढत होतो आणि या माणसाकडे वेळच वेळ होता. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे या दिवसांत अशा माणसांची झोप उडते. पगार नाही, वर संशय. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं रे.

पुढे बऱ्याच घरी गेलो. मुलुंडचे गुजराती सेक्रेटरी म्हणाले, 'हिसाब चोख्खो जोईए'. गिरगावातल्या एक काकू म्हणाल्या, "मागायला हरकत नाही, पण वाईटपणा कुणी घ्यायचा?" वही चाळली तर 'वाईटपणा' पुन्हा पुन्हा. 'व्यवस्थापन' एकदाही नाही. 'पारदर्शकता' तर फक्त माझ्याच तोंडी.

मग निम्म्या खजिनदारांना 'वेळ वाचवा'चा मेसेज पाठवला, निम्म्यांना हा: 'थकबाकीची आठवण ॲप करेल. वाईटपणा तुमच्याकडे नको.' पहिल्याला नुसते अंगठ्याचे इमोजी आले. दुसऱ्याला प्रश्न आले: "आठवण कुणाच्या नावानं जाते?" आणि इथं आम्ही अडकलो, कारण ती खजिनदाराच्याच नावानं जात होती! ते आधी बदललं. आता सगळ्यांना एकाच तारखेला, सोसायटीच्या नावानं जाते. त्याशिवाय ती ओळ छापणं म्हणजे फसवणूक झाली असती.

म्हणून पत्रक थांबव. ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत तासगावच्या बागांत जा. "हे ॲप वापराल का?" असं विचारू नकोस, समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. विचार, "गेल्या साली वेलींवर डावणी रोग आला तेव्हा पहिला फोन कुणाला केलात? औषध कुणाच्या सांगण्यावरून मारलंत?" मग गप्प बस. तुला वाटतंय की त्यांना रोगाची माहिती हवी. मला शंका आहे की त्यांना दुकानदारानं गळ्यात मारलेल्या औषधाची धास्ती जास्त असेल. माझं चुकतही असेल, मी बागेत कुठे राहतो?

कोण काय बोललं ते सुधारून न लिहिता पाठव, शिव्यांसकट. गणपतीत येतोय, तेव्हा आपण दोघं ती वही घेऊन बसू. वहिनींना नमस्कार.

तुझाच