मांडाबाहेर थांबलेल्या दादाला

दादा,

तुझे नाव इथे घालत नाही. घातले असते तर पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माझी खेचली असतीस. काणकोणात ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागले तेव्हा कुणी गाव विचारले की मी ‘काणकोण’ म्हणून मोकळी व्हायचे. काणकोणातले गावडोंगरी म्हटले की पुढचा प्रश्न आडनावाचा, म्हणजे जमातीचा, यायचा. होस्टेलात एखादीने भडक रंगाचा ड्रेस घातला की ‘कुणबीण दिसतेस’ म्हणायचे. हसणाऱ्यांत मीही असायचे. हे तुला कधी सांगितले नव्हते.

तू आमच्या वाड्यावर आलास तो वनहक्काचे अर्ज भरायला. शेजारच्या काकांकडे कुमेरीच्या, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीच्या, जमिनीचा एकही कागद नव्हता. वनहक्क कायद्याला हवे तसे, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायचे कसे? तू म्हणालास, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. 2003 मध्ये गावडा, कुणबी, वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले म्हणून एवढ्यावर भागले, नाहीतर तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागला असता. मग आजीला बसवलेस आणि माझ्या हातात पेन दिलेस, का तर माझे अक्षर बरे.

आजी दोन तास बोलत होती. कुठल्या उतारावरची झुडपे कापून जाळली, तिथे नाचणी कशी आली, मग तो डोंगर किती वर्षे विसाव्याला सोडला, पुढे कुठे गेले. वीस वर्षे एका घरात राहून यातले एक वाक्य मी ऐकले नव्हते, कारण विचारलेच नव्हते.

त्याच आठवड्यात 25 मे आला. तू आम्हाला बाळ्ळीला नेलेस. तिथे 2011 च्या आदिवासी हक्कांच्या आंदोलनात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप यांचा जीव गेला तेव्हा मी तिसरीत होते, घरी कुजबूज झालेली तेवढी आठवते. त्या दिवशी ‘वेळीप’ हे आडनाव भर सभेत मानाने घेतलेले मी पहिल्यांदा ऐकले. परत येताना गाडीत मी गप्प का होते, ते आता तुला कळेल.

मग तू विचारलेस, आजीला धालो, म्हणजे पौषात मांडाच्या पवित्र अंगणात बायका नाचत म्हणतात ती गाणी, येतात ना? मी खांदे उडवले. ‘‘मांडावर पुरुषाने जायचे नसते, मला कधीच कळणार नाही. तू जा.’’ मी हुशार! त्याच संध्याकाळी चुलीपाशी फोन पुढे धरला आणि म्हटले, आजी, म्हण. तिने वर बघितलेही नाही. ‘‘आतां न्हय. पुसांत यो.’’ तुला फोन करून तक्रार केली तर तू हसलास. ‘‘मग पौषात जा. सात महिने तर आहेत.’’

त्या सात महिन्यांतले रविवार तू भरून टाकलेस. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडात कोरलेले बैल, हरणे आणि ते गरगरीत वर्तुळ पाहून माझी चुलतबहीण चप्पल काढून उभी राहिली, कुणी सांगितले नव्हते तरी. पावसात तेरे आणि आकूर या रानभाज्या ओळखायला शिकवलेस. कणगां हे कंद मात्र वेल सुकेपर्यंत खणू दिले नाहीस, आणि खणल्यावर वरचा तुकडा पुन्हा मातीत पुरायला लावलास.

पौषातल्या त्या रात्री फोन घरीच ठेवला. चपला मांडाबाहेर. समोरासमोर दोन रांगा, कमरेत हात, वाकायचे, पुढे जायचे, मागे यायचे. माझे पाऊल चुकले की बाजूची काकी दंडाला धरून ओढायची. आजी गात होती. एरवी शेजारी बसूनही ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलणारी आजी! मला तीनच गाणी पाठ झाली, तीही अर्धी. तू दुसऱ्या वाड्यांवरच्या मुलींना पिकअपमधून आणले होतेस आणि रस्त्यापलीकडे थर्मास घेऊन पहाटेपर्यंत बसला होतास.

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात दहा मिनिटांचे धालो बसवशील का, असे मला विचारले तेव्हाही तू उत्तर दिले नाहीस, आजीला विचार म्हणालास. ती म्हणाली, मांडाविना धालो कसले? आम्ही फुगडी घातली. तू तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होतेस, असे मला वाटले होते. आता वाटत नाही.

काकांचा दावा अजून वर अडकला आहे. आजीचे गुडघे यंदा साथ देत नाहीत, म्हणून रांगेत तिच्या जागी मी उभी राहणार आहे. ती मांडाच्या कडेला बसून चुका काढणार. पिकअप आणशील तेव्हा थर्मास मोठा आण. शेवटच्या रात्री तिलाही चहा हवा आहे, आणि साखर कमी.

तुझी,
गावडोंगरीची वेळीप