आजीला मोठ्यानं वाचून दाखव

सायतामा, जपान
१० फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. आजीला फोनवर ऐकू येत नाही. ती नुसतं ‘हां हां’ करते आणि फोन तुझ्याकडे देते. म्हणून हे तिच्या उजव्या कानाशी बसून मोठ्यानं वाच. शेवटचं सोडून, कुठून सोडायचं ते लिहिलंय.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे. शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी शिल्लक आहे, म्हणजे उपाशी नाही हे समजून घे. अण्णांना सांग, दिवा रोज लागत नाही. सातला ड्यूटी सुरू होते, आणि उदबत्तीच्या धुरानं छतावरचा अलार्म वाजेल या भीतीनं ती लावतच नाही. रविवारी निरांजन लावते. रागावू नका.

परवा इथे सुयांचा दिवस झाला. हारी-कुयो म्हणतात. हारी म्हणजे सुई, आणि कुयो म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं करतात तसं काहीतरी. मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया जपून ठेवायच्या, ८ फेब्रुवारीला देवळात न्यायच्या (क्योतो-ओसाकाकडे पुष्कळ ठिकाणी ८ डिसेंबरला) आणि टोफूत खोचायच्या. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, पण मऊ, आपल्या खरवसासारखं. कुणी कोन्याकूत खोचतात, तो एका कंदाचा लिबलिबीत ठोकळा असतो. का, तर बिचाऱ्या जन्मभर जाड कापडातून घुसून दमल्या, आता मऊ जागी निजू देत. त्या दिवशी शिवणटिपण बंद. टोक्योत आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात मोठा कार्यक्रम असतो. मला सुट्टी नव्हती, पण आमच्या वृद्धाश्रमातच जेवणाच्या टेबलावर एक टोफू ठेवला आणि सात जणींना सुया दिल्या. मोजून दिल्या, मोजून घेतल्या! एक बाई ९३ वर्षांच्या, पूर्वी किमोनो शिवायच्या. पोटच्या मुलांनाही ओळखत नाहीत, पण सुई अशी सरळ खोचली, मान लववली आणि म्हणाल्या, “ओत्सुकारे-सामा.” काम संपवून घरी निघालेल्या माणसाला इथे असं म्हणतात. ‘दमलीस हो’ म्हणावं तसं.

मला तुझं मशीन आठवलं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि कुणाच्या ब्लाउजची कितीही घाई असो, त्या दिवशी पायडलला पाय नाही. मोडकी सुई मात्र तू भिंतीच्या भेगेत खोचतेस. ती भेग भरली का गं?

मामा म्हणाला म्हणे, एवढी शिकून म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढायला गेली. हो, काढते. आंघोळीही घालते, एकेकाला आठवड्यातून दोनदा. आधी ताप आणि बीपी बघायचं. पाणी आधी स्वतःच्या हातावर, मग त्यांच्या पायावर, तिथून हळूहळू वर. प्रत्येक वेळी सांगायचं, ‘आता पाणी घालते हं.’ त्यांना कळो न कळो. शेवटी बोटांच्या बेचकीतून टिपून कोरडं करायचं. अण्णा बाळकृष्णाला ताम्हनात घेण्याआधी पाण्यात बोट बुडवून बघतात ना, तेच. अगदी रोज तसं वाटतं असं नाही. सकाळपासून आठ-नऊ जण झाले की पाठ मोडते आणि घड्याळाकडे लक्ष जातं. पण एखाद्या दिवशी वाटतं. आजी, तू सांगायचीस, जनाबाईच्या जात्याला विठोबानं हात लावला. गोपाळपूरला ते जातं दाखवलंस तेव्हा मी विचारलं होतं, मग पीठ लवकर झालं का? तू हसली होतीस. परवा न्हाणीघरात एकटीच हसले.

आई, आता इथून पुढचं आजीला वाचू नकोस.

चाळीस हजार पाठवलेत. त्यातले पंधरा आजीच्या कमोडच्या खुर्चीला आणि न्हाणीघरात धरायच्या दांड्यांना, बाकीचे दादाच्या हॉलला. दांड्यांचे पैसे लग्नात घालू नकोस, शप्पथ आहे. टेंभुर्णीच्या स्थळाला तू ‘हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे’ असं सांगितलंस, ते दादा बोलून गेला. खरं काय ते सांग. त्यावरून नाही म्हणत असतील तर म्हणू देत.

रजेचं विचारते म्हणाले होते. विचारून झालंय, जानेवारीतच. दादाचं लग्न २ मेला, आणि त्याच सुमारास इथे सगळ्या देशाला सुट्ट्या, म्हणून आमच्याकडे माणसं कमी. नव्या मुलीला रजा नाही. फोनवर सांगवेना. दादाला तूच सांग. माझ्या वाट्याची करवली चिंगी होईल, तिला माझी हिरवी पैठणी दे.

आजी तुला आंघोळीला त्रास देते, ओरडते, असं म्हणालीस. तू तांब्या एकदम डोक्यावर ओततेस का? आधी पायावर घाल. आणि घालण्याआधी सांगत जा तिला, उजव्या कानात.

अण्णांना नमस्कार.

तुझी लेक