विषय : वरच्या गॅलरीतल्या कपडे वाळवायच्या स्टँडचे पाणी (चौथे पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

महोदय,

याआधीच्या तीन पत्रांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही. "आपसात मिटवून घ्या" असे आपण जिन्यात भेटल्यावर म्हणालात, त्याला मी उत्तर धरत नाही.

सदनिका ३०२ यांनी गॅलरीच्या ग्रिलला बाहेरून फोल्डिंग स्टँड बसवला आहे. मिटलेला असतो तोवर माझी काही तक्रार नाही. उघडला की दोन-अडीच हात बाहेर येतो आणि बरोबर आमच्या गॅलरीवर लोंबतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे सगळ्या घरांचे धुणे एकाच दिवशी निघते, हे मला समजते. माझेही निघते. पण मी चादर बाथरूममध्ये नळावर टाकून अर्धा तास निथळू देते आणि मगच गॅलरीत आणते, तीही ग्रिलच्या आतल्या स्टँडवर. वरून मात्र न पिळलेल्या चादरी येतात. सोलापुरी चादर पाणी किती पिते हे या गावात कुणाला सांगायला नको.

मागच्या पाण्याच्या दिवशी मी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे पाचला शिजवून. जुन्या सुती साडीवर शंभरेक कुरडया झाल्या होत्या. साडेनऊला वरून साबणाचे निळसर पाणी पडले. मधल्या तीन ओळी विरघळून साडीला चिकटल्या, उरलेल्यांना पावडरीचा वास लागला. सगळ्या टाकल्या. वर जाऊन सांगितले तर उत्तर मिळाले, "काकू, थोडं सरकवून घालायच्या ना." आमच्याच गॅलरीत आम्ही सरकायचे?

चादरी आत वाळत नाहीत, हे त्यांचे दुसरे म्हणणे. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर असतो. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली चादर दुपारपर्यंत कडकडीत वाळते. कुणीही येऊन पाहावे.

शिवाय तो स्टँड नुसता दोन क्लँपवर आहे आणि क्लँप गंजलेले आहेत. परवा वळवाचा वारा सुटला तेव्हा चादरीसकट तो शिडासारखा फुगला होता. खाली मुलांच्या सायकली लावलेल्या असतात. १०२ मधल्या आजींनीही हे पाहिले आहे, आणि २०१ च्या ताई माझ्याशी पूर्ण सहमत आहेत. त्या सही करणार नाहीत, कारण त्यांना संबंध बिघडवायचे नाहीत. मलाही नाहीत. गेल्या पाडव्याला मी वर श्रीखंड पाठवले होते.

इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये, असे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. तक्रार आल्यावर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत तो सभासदाला कळवायचा, हेही त्यातच आहे. माझ्या पहिल्या पत्रानंतर तीन सभा झाल्या. त्यांपैकी एका सभेत आमच्या दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर मात्र वीस मिनिटे चर्चा झाली. तो भिंतीला लागून आहे, त्यातून कुणावर पाणी गळत नाही, त्यामुळे तो विषय इथे काढू नये.

माझे मागणे फार नाही. स्टँड ग्रिलच्या आत घ्यायला लावा, तसे लेखी पत्र ३०२ ला द्या आणि त्याची एक प्रत मला द्या. गच्चीवर तारा बांधलेल्या आहेत, पण किल्ली सचिवांच्या घरी असते आणि ते दहाला ऑफिसला जातात. पाण्याच्या दिवशी ती वॉचमनकडे ठेवली तर ३०२ यांची सबबही उरणार नाही. हे झाले नाही तर चारही पत्रे घेऊन मला उपनिबंधक कार्यालयात जावे लागेल. रिक्षाचे भाडे मी माझे देईन.

पुढचे पाणी शुक्रवारी आहे. उरलेला गहू मी मंगळवारी भिजत घालणार आहे.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. २०२