पुस्तक कपाटात आहे, कॅटलॉगमध्ये नाही

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र. बऱ्याच ग्रंथालयांत आता कॅटलॉग संगणकावर आला आहे. त्यात नाव दिसले नाही की पुस्तकच नाही असे धरून वाचक घरी जातो. कित्येकदा ते आतल्या कपाटात असते.

'कुसुमाग्रज' टाकले की कवितासंग्रह येतात. नाटके 'शिरवाडकर, वि. वा.' या नावाखाली. कार्डांच्या काळात चांगला ग्रंथपाल 'हेही पाहा' असे कार्ड घालून दोन्ही नावे जोडायचा. नोंदी संगणकावर चढवताना असली कार्डे मागेच राहतात. दुसरा घोळ शुद्धलेखनाचा. 1962च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या पुस्तकांवर ते छापलेले आहेतच. नोंद 'कांहीं' अशी असेल, तर 'काही' शोधणाऱ्याला काही म्हणता काही मिळत नाही. आणि नोंद रोमन लिपीत असली तर विचारूच नका.

मुरलेला वाचक वाट काढतो. पूर्ण शीर्षक न टाकता आडनाव आणि अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसलेला एखादा शब्द टाकतो. एक पुस्तक सापडले की त्याच्या वर्गांकावरून, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकावरून, शेजारची गाठतो. ड्यूई पद्धतीत 891.461 म्हणजे मराठी कविता, 891.462 नाटक, 891.463 कथा-कादंबरी. पण हे नव्या सभासदाला सांगणार कोण? संगणकाजवळ 'शांतता राखा' असते. शोध कसा घ्यावा, याची चार ओळींची पाटी नसते.

ग्रंथालय संचालनालयाने मराठी लेखकांची एकच प्रमाण नामसूची करावी. टोपणनाव, मूळ नाव, रोमन रूपे, सारे एकत्र. ती प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयाला विनामूल्य द्यावी. 'कोहा'सारख्या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत अशा जोडनोंदींची सोय आहे. काम अवाढव्य आहे, हे उत्तर मात्र नको: शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय केली.

आणखी एक. अनुदानासाठी तपासणी होते तेव्हा दाखल नोंदवही पाहतात, पुस्तके मोजतात. त्याच वेळी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कपाटातली कोणतीही दहा पुस्तके काढावीत, ती कॅटलॉगमध्ये स्वतः शोधावीत आणि किती सापडली ते अहवालात लिहावे.

आपला,
एक वर्गणीदार वाचक