कुंडीत काय घालू नये हे सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. दुसरं कारण जरा स्वार्थी आहे. हल्ली कुंड्या बघून जो तो विचारतो, "तुझ्या मातीचं प्रमाण सांग ना." मी तुमचेच प्रश्न त्यांना विचारते आणि लोक वैतागतात. म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात भलीमोठी यादी होती. पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट, डोलोमाइट, जिप्सम, रॉक फॉस्फेट, झिओलाइट, बेसाल्टची भुकटी, एप्सम सॉल्ट. कशाचे किती चमचे, एवढंच मला हवं होतं. तुम्ही पेन मागितलंत आणि कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारलीत. एका बाजूला लिहिलंत ‘हवा-पाणी’, दुसऱ्या बाजूला ‘अन्न’. "आधी एकेक नाव कुठल्या खान्यात बसतं ते लिही, मग चमचे मोजू." त्या एका रेघेने माझा जेवढा गोंधळ मिटला, तेवढा कुठल्याही तयार प्रमाणाने मिटला नसता. खनिज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडाचं टॉनिक येतं. यादीतली काही नावं झाडाला खाऊ म्हणून घालतच नाहीत, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पर्लाइटचंच घ्या. ती ज्वालामुखीतून आलेली काच. तिच्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. साधारण 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो. अन्न शून्य, अन्न धरून ठेवायची ताकदही जवळजवळ शून्य. त्याचं काम एकच, मुळांपाशी हवा खेळती ठेवणं. व्हर्मिक्युलाइटही तापवूनच फुलवतात, पण ते अभ्रकाच्या जातीचं, त्याचे पदर सुटतात. त्या पदरांत पाणी राहतं, पोटॅशियम, मॅग्नेशियम, अमोनियम धरून ठेवलं जातं. म्हणून बी रुजवायला ते उत्तम. बोटांत दाबलं की चपटं होतं आणि पुन्हा उठत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच कुंडीत राहणाऱ्या झाडाला त्याच्या भरवशावर ठेवू नये. दोन्ही पोती शेजारी ठेवून तुम्ही मला डोळे मिटून चिमटीत धरायला लावलं होतंत. एक कुरकुरतं, दुसरं सरकतं. तेव्हापासून पोत्यावरचं नाव वाचायची मला गरज पडत नाही. आणि हो, पर्लाइट ओतण्याआधी त्यावर पाणी शिंपडायची तुमची ताकीदही मी सगळ्यांना देते. ती पांढरी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

स्पंजचा प्रयोग तर मी आता येईल त्याला करून दाखवते. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवायचा आणि आडवा धरायचा. ठिबकणं पूर्ण थांबू द्यायचं. मग तोच स्पंज, अजिबात न दाबता, उभा करायचा. थांबलेलं पाणी पुन्हा ठिबकायला लागतं! स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही तसंच. तळाशी भोक असलं तरी खालचा थोडा भाग पाण्याने भरलेलाच राहतो, आणि त्या ओल्या थराची जाडी मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते. म्हणून उथळ कुंडीत तेच मिश्रण जास्त चिखलट वाटतं. म्हणूनच तळाला खडी घालून निचरा सुधारत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरचं पूर्ण भिजेपर्यंत ते अडून राहतं, म्हणजे खडीच्या उंचीइतका ओला थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भरड माल घालायचा तर तो सगळ्या मिश्रणात कालवायचा. बारीक वाळूची पण तीच गत. चिकट मातीत ती थोडीशी घातली तर माती मोकळी व्हायच्या ऐवजी घट्ट होते, वर कुंडीचं वजन वाढतं ते वेगळंच.

चुन्याबद्दल मात्र तुमचे विशेष आभार मानायला हवेत, कारण ‘कुंडीच्या मातीत मूठभर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) घालाच’ हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला होता की तो मी घालणारच होते. तुम्ही विचारलंत, "हा सल्ला आला कुठून?" आणि मग स्वतःच सांगत बसलात. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेलड्रेक यांनी मातीविना मिश्रणं बसवली: पीट मॉस, त्यात व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट, थोडं खत आणि चुनखडी. चुनखडी का, तर दलदलीत तयार झालेलं ते पीट मॉस भलतंच आम्ल. त्याचा सामू (म्हणजे pH, जितका कमी तितकं आम्ल) 4 च्या आसपास. तो साडेपाच-सहावर आणायला लिटरमागे 3 ते 5 ग्रॅम चुनखडी किंवा डोलोमाइट लागतंच. पुढे पीटच्या जागी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आलं. त्याचा सामू मुळातच साडेपाच ते साडेसहा. पण प्रमाणातला चुना तसाच राहिला, कुणी काढलाच नाही. आजार गेला आणि औषध चालू राहिलं, असं तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही माझ्या पाण्याची चौकशी केलीत. पाणी उकळायच्या भांड्यात तळाशी पांढरा थर बसतो का? बसतो. म्हणजे पाणी जड, त्यात बायकार्बोनेट. असं पाणी रोज घालणं म्हणजे रोज थोडा थोडा चुना घालणंच. सामू हळूहळू वर चढतो, कुंडीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. माझ्या जास्वंदीचं दुखणं हेच होतं. तिला वर डोलोमाइट घातलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. पिवळेपणा जुन्या पानांवर आधी दिसला तर मॅग्नेशियमचा संशय घ्यायचा, नव्या पानांवर आधी दिसला तर लोहाचा, कारण मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह नाही. एवढी एकच खूण कळली तरी एप्सम सॉल्टची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची, निम्मी पुडी वाचते.

बागेतली माती मिसळणाऱ्यांसाठी तुमची व्हिनेगरची युक्तीही इथे सांगून ठेवते. कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकायचं. बुडबुडे आले, फसफसलं, तर त्या मातीत चुनखडी आधीच आहे. डोलोमाइटची पिशवी दुकानातच राहू द्यावी.

जिप्समला मात्र तुम्ही कागदावर बरोबरची खूण केलीत. त्यातही कॅल्शियम आहे, सुमारे 23 टक्के, सोबत गंधक. पण ते सल्फेट असल्यामुळे सामू वाढवत नाही. शिवाय लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे मुळांना लगेच मिळतं. साध्या पाण्यात चुनखडी त्या मानाने विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं, ते नुसतं धुऊन पूर्ण निघत नाही. कॅल्शियम त्याची जागा घेतं, मग ते पाण्याबरोबर वाहून जातं. मी मिश्रणाच्या लिटरमागे 1 ते 2 ग्रॅम जिप्सम मिसळते आणि रोप लावण्याआधी एकदा भरपूर पाणी सोडते. तरीही टोमॅटोच्या बुडाला काळा डाग आला तेव्हा तुम्ही जिप्सम वाढवू दिलं नाहीत. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच झाडात चढतं, आज कोरडं आणि उद्या तुडुंब असं चाललं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाण्याची वेळ बांधली आणि नंतरची फळं स्वच्छ आली.

रॉक फॉस्फेटवर तुम्ही काट मारलीत. ते आम्ल मातीतच विरघळतं, आणि गांडूळखतात स्फुरद (फॉस्फरस) पुरेसं असतं. झिओलाइटपुढे ‘हवं तर’ लिहिलंत. ते अमोनियम आणि पोटॅशियम धरून ठेवतं, पण खतही बेताने आणि पाणीही बेताने घालणाऱ्याला त्याची फारशी निकड नाही.

बेसाल्टच्या भुकटीवर आपलं जमलेलं नाही, हे इथे जाहीर करते. दगड झिजून अन्न सुटायला वर्षं लागतात, कुंडीतलं रोप तोवर थांबत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही मोठ्या कुंडीतल्या लिंबाला मी दरवर्षी मूठभर घालते. नुकसान नाही, आणि लिंबू काही एका हंगामाचं पाहुणं नाही. तुम्ही हसाल, हसा.

तर प्रमाण मागणाऱ्यांनो, माझं सध्याचं मिश्रण मापाने असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग पर्लाइट, वर सांगितलेलं जिप्सम आणि चुना अजिबात नाही. तुमचं पाणी मऊ असेल किंवा तुम्ही पीट मॉस वापरत असाल तर हे प्रमाण उचलू नका, आधी कागदावर रेघ मारा.

काका, एक विचारायचं राहिलं आहे. जुन्या कुंड्या रिकाम्या करायच्या आहेत. कोकोपीट कुजून बसलं आहे, पर्लाइट मात्र अजून शाबूत दिसतं. ते चाळून, धुऊन पुन्हा वापरलं तर आत साचलेले क्षार निघतील ना? आणि वरचं काळं मिश्रण बागेत पसरलं तर चालेल का? रविवारी फोन करते.

तुमची कृतज्ञ,
यादीवाली