बाकावरच्या गड्याचा सौदा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेतले संघ प्रेक्षकांच्या लाडक्या राखीव खेळाडूला मोठा करार देऊन ठेवून घेतात, ही भावनेपोटी केलेली उधळपट्टी आहे, असं एका वाचकबंधूंनी आपल्या क्रीडा पानावर लिहिलं होतं. बाकावर बसणाऱ्याला भाव आला की लगेच त्याच्या बदल्यात मोठं नाव आणावं, हा त्यांचा सल्ला. धुळ्यात बसून कोणी एनबीएवर पत्र लिहितं, याचाच आधी आनंद झाला. आमचा नातू पहाटे सहाला अंथरुणातच मोबाइल उभा करून सामने लावतो. हल्ली मीही शेजारी बसतो, चहा व्हायच्या आत. त्या अधिकाराने हे पत्र.

लाडके राखीव सगळे सारखे नसतात. सर्बियाचा बोबान मार्यानोविच घ्या. सात फूट चार इंच उंची, हात वर केला की जवळजवळ रिंगला टेकलेला. सामना निकाली निघाल्यावर तो उतरायचा आणि सगळं मैदान उभं राहायचं. डॅलसच्या संघाने २०२२ मध्ये त्याला आणखी तिघांसोबत ह्यूस्टनला देऊन क्रिश्चियन वूडला आणलं. पुढच्या हंगामात डॅलस बाद फेरीतही पोचला नाही, पण त्याचा दोष बोबानच्या जाण्याला देता येणार नाही. असा गडी दिला तर चार दिवस हळहळ होते, बाकी काही बिघडत नाही. इथवर वाचकबंधूंचं बरोबर.

प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. ज्याच्या उतरण्याने सामना वळतो, त्याचा. एनबीएत पगाराला मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाला अदलाबदल करताना दोन्हीकडच्या पगारांचा मेळ घालावा लागतो. मग मोठा तारा आणायचा तर मधल्या पगाराचे दोन-तीन गडी पारड्यात टाकतात. आपल्याकडे दुकानदार रिकाम्या डब्याचं वजन काढायला धडा करतो, तसा हा माणूस धड्याला वापरतात. त्याचा खेळ कोणी बघत नाही, पगाराचा आकडा तेवढा बघतात.

अ‍ॅलेक्स कारुसोचं उदाहरण यासाठी वाचकबंधूंनी जरूर तपासावं. २०१६ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं. लेकर्स संघाकडे तो बाकावरून यायचा. टक्कल, कपाळाला पट्टी, आणि लॉस एंजेलिसचे लोक त्याच्यावर फिदा. २०२० च्या अंतिम मालिकेत निर्णायक सहाव्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि लेकर्स अजिंक्य ठरले. पुढच्याच वर्षी त्याचा करार संपला. लेकर्सनी हात आखडता घेतला, आणि तो चार वर्षांच्या ३ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर शिकागोला गेला. त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी तिघांना देऊन रसेल वेस्टब्रुक हे मोठं नाव आणलं. हंगामाचा हिशेब: ३३ विजय, ४९ पराभव, बाद फेरी नाही. शिकागोनेही जून २०२४ मध्ये कारुसोला जॉश गिडीच्या बदल्यात ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकलं. वर्षभरात ओक्लाहोमा अजिंक्य. त्या वाटेवर डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांचा हा माणूस सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचला अडवायला उभा होता. नातू त्या सामन्यासाठी रात्री जागत बसला. मी काही बोललो नाही.

आता घरचा दाखला. १९८६-८७ च्या सुमारास मी आमच्या संघाकडून खेळायचो. कोर्ट मातीचं, रेषा फक्कीच्या, दुपारी पाणी मारलं तरी संध्याकाळपर्यंत धूळ वर. आमच्यात एक बुटका राखीव गडी होता. नाव लिहीत नाही, तो अजून इथेच असतो. आम्ही मागे पडलो की कडेची पोरं ओरडायला लागत, "आपला पोऱ्या शे तो, त्याले खेयू द्या!" तो उतरायच्या आधी बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसायचा, सावकाश, एकेक करून. तोवर आमचा कर्णधार चिडून लाल. उतरला की मात्र पहिल्याच चालीत समोरच्याचा चेंडू काढून न्यायचा. आम्हाला वाटायचं, नशीबवान आहे.

अंमळनेरच्या एका स्पर्धेआधी आमच्या धुरीणांनी चहाच्या टपरीवर व्यवहार ठरवला. तापीपलीकडच्या एका संघाकडे उंच सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा गडी, जास्तीचा होता. तो त्या स्पर्धेपुरता आम्हाला, आमचा बुटका त्यांना. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाराही आधी दात बघतो, चालवून बघतो. इथे फक्त उंची बघितली. मीही मान डोलावली, हे कबूल केलं पाहिजे.

उपांत्य फेरीत नेमके तेच समोर आले. आमचा सेंटर वाईट खेळला नाही, रिंगखालचे चेंडू भराभर गोळा केले. पण मी उजवीकडे निघालो की तिथे आधीच कोणीतरी उभा. डावीकडे सगळं मोकळं, आणि मला डाव्या हाताने चेंडू नेता येत नसे. हे आमच्या संघात कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. बुटका समोरच्या बाकावर गुडघ्यावर फडकं ठेवून बसला होता आणि दर वेळी दोन बोटांनी दिशा दाखवत होता. दोन हंगाम तो आमच्या बाकावर बसून काय करत होता, ते मला त्या दिवशी समजलं.

वाचकबंधू ज्याला "नुसता बसलेला" म्हणतात, तो सामना बघत असतो. मैदानातल्या पाच जणांना ती फुरसत नसते. स्टीव्ह कर शिकागोच्या बाकावरचाच गडी. १९९७ च्या अंतिम मालिकेत मायकेल जॉर्डनने चेंडू दिला आणि करने यूटाविरुद्ध विजयी बास्केट टाकली. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने गोल्डन स्टेटला चार विजेतेपदं मिळवून दिली. ही नजर पगाराच्या तक्त्यात कुठे लिहिणार?

म्हणूनच मिनेसोटाने नाझ रीडबाबत केलं ते मला पटतं. त्यालाही २०१९ च्या निवडीत कोणी घेतलं नव्हतं. २०२४ मध्ये तो सर्वोत्तम सहावा गडी, म्हणजे बाकावरून उतरणाऱ्यांत सर्वोत्तम, ठरला, लोक अंगावर त्याचं नाव गोंदवून घेऊ लागले. त्याच वर्षी संघाने कार्ल-अँथनी टाउन्ससारखा मोठा खेळाडू न्यूयॉर्कला दिला. रीडला ठेवलं, आणि २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलर मोजले. महाग आहे, मान्य. गोंदणं बघून पैसे मोजले असतील तर चुकलंच. पण सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या सत्रात तो काय करतो ते बघून मोजले असतील, तर वाचकबंधूंनी उधळपट्टी हा शब्द मागे घ्यावा.

अंमळनेरचा तो सामना आम्ही हरलो. रात्री त्याच्या नव्या संघाची गाडी चोपड्याच्या वाटेला लागली, तेव्हा तो आमच्या टेंपोजवळ येऊन उभा राहिला. त्यालाही धुळ्यालाच यायचं होतं. आत जागा नव्हती. उसना सेंटर पाय पसरून बसला होता. बुटका मागच्या फळीवर बसून आला.

आपला,
एक जुना खेळाडू, देवपूर, धुळे