आधी पाळ, मग बोट : तलावाच्या दुरुस्तीसाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार, पहाटे पोहायला येणारी मंडळी आणि माता-भगिनी यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या तलावाची पाळ गळते आहे. पायथ्याशी ओल पहिल्यापासूनच असते आणि मातीचा भराव म्हटला की थोडे पाणी पाझरायचेच, हे आपण सगळे जाणतो. पण सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, त्या दिवसांत पायथ्याचे पाणी गढूळ झाले. बाटलीत भरून मंडळाच्या कपाटावर रात्रभर ठेवले तर सकाळी तळाशी काळा गाळ बसलेला. म्हणजे पाण्याबरोबर भरावातली मातीही निघून चालली आहे. आतल्या आत अशी नळी तयार होत गेली की मातीचे धरण बसायला फार वेळ लागत नाही. आज पाणी खाली गेल्यामुळे गळती थांबल्यासारखी दिसते, एवढेच.

हा तलाव कसा झाला हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून हात सोललेल्या बायाबापड्यांनी घमेल्या-घमेल्याने ही पाळ उभी केली. त्यांतल्या दोन आजी अजून आपल्याकडे हळदीकुंकवाला येतात. पुढे आपल्या निवृत्त उपअभियंता काकांनी स्वतःच्या पेन्शनीतून सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला) दगडी तोंड बांधून दिले आणि गवंड्याच्या डोक्यावर उन्हात छत्री धरून उभे राहिले. मास्तरांनी शाळेची पोरे आणून उतारावर हरळी लावून घेतली. ती हरळी आजही माती धरून आहे. पूर्व भागातल्या कारखानदार बंधूंनी पोहण्याच्या शर्यतीला दरवर्षी चादरी आणि टॉवेल दिले, तेही नाव छापू नका या अटीवर. (म्हणून छापत नाही.) दूधवाल्या अण्णांची ट्रॉली तर मंडळाचीच आहे असे सगळे समजून चालतात. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

सोलापूरला तलावाची महती सांगायची गरज नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खोदवले ते आपण अजून मिरवतो. हिप्परग्याचे मातीचे धरण 1871 पासून उभे आहे. माती टिकते, पण तिच्याकडे बघणारे कुणी असावे लागते.

आता मनातले बोलतो, राग मानू नये. बोटीसाठी वर्गणी मागितली तेव्हा आठवड्यात रक्कम जमली. रंगीत दिव्यांना तर मागावीही लागली नाही. सांडवा मोकळा करायला बोलावले तेव्हा चौघे आले, त्यांतला एक फोटो काढून गेला. वर बोटीला पाणी पुरावे म्हणून कुणीतरी सांडव्यात वाळूची पोती रचून ठेवली आहेत. त्याने पाणी वाढले खरे, पण पाण्यापासून माथ्यापर्यंत जी मोकळी उंची ठेवलेली असते ती गेली. ऑक्टोबर 2020 सारखा पाऊस एका रात्रीत आला तर पाणी सांडव्याने न जाता माथ्यावरून जाईल, आणि मातीच्या पाळेवरून पाणी गेले की ती धुपून फुटते. खाली ओढ्याकाठी वस्ती आहे, हे वेगळे सांगायला नको. 1961 ला पानशेतचे आणि 2019 ला तिवऱ्याचे धरण फुटले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले. तिवऱ्याला खापर खेकड्यांवर फोडले गेले. आपल्याकडे निदान घुशींची बिळे तरी आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

सरकारकडे जा, असे सांगणारे बरेच आहेत. गेलो होतो. एका कार्यालयाच्या यादीत हा तलाव नाही, दुसऱ्याच्या मते तो पहिल्याचा आहे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. आपली पाळ दुमजली घराएवढीही नाही. तेव्हा तिचे काय करायचे ते आपणच.

काम काय आहे ते थोडक्यात. पोती काढून सांडवा पूर्ण मोकळा करणे. उतारावरच्या बाभळी मुळासकट काढणे (नुसत्या तोडायच्या नाहीत, मुळे कुजली की तिथूनच पाण्याला वाट होते) आणि खड्डे थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकणे. घुशींची बिळे खोदून तशीच भरणे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली आहे, तिच्यावर मुरूम. गळतीच्या जागी आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. मागे कुणीतरी चांगल्या मनाने तिथे सिमेंट थापले, तर पाणी चार पावलांवर दुसरीकडून फुटले. कृपया पुन्हा तसे करू नये. काम चालू असताना पाळेवर गाड्या आणि जनावरे आणू नयेत.

लागणार : मुरूम 60 ब्रास, वाळू, खडी, दगड, जेसीबीचे भाडे. देणगी रोख, चेक किंवा वस्तुरूपाने; किमान 500 रुपये, जास्तीला बंधन नाही. पावती कोषाध्यक्षांकडून संध्याकाळी 6 ते 8, मंडळाच्या खोलीत. खाते क्रमांक व अंदाजपत्रक फलकावर आहे. श्रमदान दर रविवारी सकाळी 6.30 ला, टिकाव, फावडे, घमेले ज्याचे त्याने आणावे. भाकरी-शेंगाचटणी मंडळाकडून. मृग लागण्याआधी काम संपलेच पाहिजे, ओल्या मातीत रोलर चालत नाही.

आपला नम्र,
सचिव

ता.क. दुसऱ्या बोटीसाठी जमा झालेली रक्कम ज्यांना पाळेच्या कामी वळवायची आहे त्यांनी तसे दोन ओळींत लिहून द्यावे. ज्यांना वळवायची नाही त्यांचे पैसे परत मिळतील, पावती मात्र सोबत आणावी.